तिन्ही सारखेच आहेत गं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि नवऱ्याला मी काय काय सांगते ते विचारू नका, लिफ्टमध्ये कोण कोणाशी बोललं नाही इथपासून सगळं. आईला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढं एक वगळून बाकीचं बोलते, जणू देवाला कळायचं राहिलंय. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मध्येच थांबले, भलतीकडे गेले तर सांभाळून घ्या — नाही, सांभाळून घेऊ नका. फक्त ऐका.

सुरुवात एका शब्दापासून करते. माणसापासून करायला हवी होती, पण शब्द सोपा पडतो. इंग्रजीत ‘मस्टी’ म्हणून एक शब्द आहे, वासाचा. आपण त्याला कुबट म्हणतो. बंद खोली बऱ्याच दिवसांनी उघडली की येतो तो, न वाळलेल्या टॉवेलला येतो तो, पोत्यात भिजलेल्या धान्याला येतो तो. ही व्याख्या मी झोपेतसुद्धा सांगेन, कारण ते माझं कामच होतं. सिंगापूरला बुओना व्हिस्टाला एक कंपनी आहे — नाव नाही सांगत, त्या बिचाऱ्यांचा ह्यात काही दोष नाही — जी खाण्याच्या पदार्थांचे स्वाद बनवते. बिस्किटातली वेलची, आइस्क्रीममधला फणस, असलं सगळं. तिथे बारा बायकांचं एक पॅनल असायचं. पदार्थ हुंगायचे, चाखायचे आणि नेमक्या शब्दात सांगायचं की वास कसला येतोय. त्या पॅनलची मी प्रमुख. पुण्यात वाढले, मुंबईत फूड टेक्नॉलॉजी शिकले, आणि सिंगापूरला येऊन बायकांना हुंगायला शिकवत होते. माझे बाबा म्हणायचे, पोरीला नाक खुपसायची सवय होतीच, आता त्याचा पगारही मिळतो.

आमच्याकडे शब्दांची एक यादी होती. प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ, आणि प्रत्येक शब्दासाठी एक छोटी तपकिरी बाटली. शब्द नुसता पाठ असून भागत नाही ना — ‘मस्टी’ म्हटलं की बाराही जणींच्या डोक्यात तोच एक वास यायला हवा. म्हणून ती बाटली. बिनवासाच्या तेलात त्या त्या वासाचा एक थेंब. सोबत एक बाटली नुसत्या तेलाची, तिला ब्लँक म्हणायचं, नाकाला विसावा म्हणून. ह्या बाटल्या दर महिन्याला नव्याने भरायचं काम माझं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला शब्दांचं वेड आहे. कुठलाही शब्द हातात आला की त्याचं माहेर शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मस्टीचंही शोधलं होतं. कोशवाल्यांचं एकमत नाही, पण बहुतेकांचा कल असा, की हा मूळचा ‘मॉइस्टी’, म्हणजे ओलसर, दमट, आणि बोलता बोलता झिजून मस्टी झाला. शेजारीच ‘मस्ट’ नावाचा दुसरा शब्द राहत होता, द्राक्षाचा ताजा, न मुरलेला रस. त्याचाही गुण ह्याला लागला म्हणतात. गंमत बघा, एक शेजारी ताज्या रसाचा, आणि ह्याच्या वाट्याला बुरशी आली. ‘मॉइस्ट’चा माग काढत आणखी मागे गेलं की लॅटिनमधला एक शब्द लागतो, बुरसटलेला ह्या अर्थाचा, आणि त्याच्याही मागे — हसू नका — म्यूकस. शेंबूड! नाकाने ज्याला हुडकायचं त्या वासाचं मूळ शेवटी नाकातच सापडावं, ह्याला काय म्हणावं? पॅनलला हे सांगितलं तेव्हा सगळ्या जणी खो खो हसल्या होत्या.

बघा, रमले मी. शब्दाबद्दल मी तासभर बोलेन. माणसाबद्दल बोलायचं म्हटलं की पुन्हा शब्दाकडेच वळते.

तर, शैलाकाकू.

शैलाकाकू मला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटल्या. २०१३ साल असेल. मूळच्या सांगलीच्या, पन्नाशी उलटलेली, मरीन परेड भागात फ्लॅट. यजमान दत्ताकाका एका ऑफिसात हिशेबनीस, एकुलता मुलगा शिकायला ऑस्ट्रेलियाला गेलेला. प्रसादाच्या खिरापतीचा डबा कुणीतरी उघडला आणि काकू दोन हात लांबून म्हणाल्या, “ह्यातलं खोबरं खवट आहे.” जिने केली होती ती बाई भडकली. मी चिमूटभर तोंडात टाकलं. आधी काही नाही. मग गिळताना अगदी शेवटी, घशाशी, किंचित खवट. मी, माझ्या सगळ्या डिग्र्यांसकट, चाखून ओळखलं ते ह्या बाईने दोन हातांवरून हुंगून सांगितलं होतं. मी तिथेच विचारलं, काकू, नोकरी करता का?

आयुष्यातली पहिली नोकरी, चोपन्नाव्या वर्षी. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी तीन तास. बस पकडून, मग एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलून यायच्या, आणि वेळेआधी वीस मिनिटं हजर. गळ्यात फोटो असलेलं ओळखपत्र मिळालं, तर ते घालूनच भाजी आणायला जायच्या. दत्ताकाका चिडवायचे, “मॅडम, जेवायला वाढताना तरी काढा.” पॅनलच्या दिवशी अंगाला कसलाही वास चालत नाही. पावडर नाही, केसांना तेल नाही, सकाळी फोडणी नाही. काकूंनी तर देवापुढची उदबत्तीही बंद केली. म्हणाल्या, देवाला सांगितलंय, मंगळवार-गुरुवार तुझी सुट्टी, ह्या दिवशी माझी ड्यूटी असते.

आणि नाक! काय सांगू तुम्हाला त्या नाकाबद्दल? इंग्रजी शब्द त्यांना यायचे नाहीत पटकन, पण मराठी यायचे, आणि इतके यायचे की मी वही घेऊन बसायचे. करपट वेगळं, जळकट वेगळं. आंबूस वेगळं, आंबलेलं वेगळं. ओशट, हिवसट, मातकट, उग्र, कोंदट. मी त्यांचं इंग्रजी करून टेबलावर ठेवायचे, आणि लिम आंटी — आमच्यातली सगळ्यात जुनी, इथलीच चिनी बाई — मान डोलवून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, “करेक्ट लाह, करेक्ट.”

एकदा यादीतल्या अर्थांची डागडुजी चालली होती. मस्टीपुढे काहीतरी कोशातलं, रुक्ष लिहिलेलं होतं. काकू म्हणाल्या, “कुबट म्हणजे काय एवढं? जे वाळायला हवं होतं आणि वाळलं नाही, ते.” बस. एवढंच. बाईने मॉइस्टी हा शब्द बापजन्मात ऐकला नव्हता, आणि जिथे कोशवाले चाचपडत पोचले तिथे ही एका वाक्यात जाऊन बसली. मी ते वाक्य इंग्रजीत करून यादीत घातलं. डिरेक्टर, उंच डच माणूस, वाचून म्हणाला, मंजिरी, हे सुंदर आहे. मी थँक यू म्हटलं. काकूंचं वाक्य आहे असं सांगितलं नाही. ते सांगायला किती वेळ लागला असता?

पण हे काही नाही. हे म्हणजे हात धुण्याआधी बाही वर करण्यासारखं आहे. खरं अजून पुढेच आहे.

खरं असं, की मला कुबट वास येत नाही.

हसलात? मीही हसते कधी कधी. बाकी सगळे वास येतात, चांगले येतात, चारचौघांपेक्षा जास्त येतात. हा एक येत नाही. काही माणसांचं असं असतं, एखादाच वास नाकाला लागत नाही, जशी एखाद्या पेटीची एकच पट्टी बोलत नाही. लहानपणी आई म्हणायची, हा टॉवेल कुबट झालाय, धुवायला टाक. मला वाटायचं, कुबट म्हणजे हाताला लागतं ते, जड, गार, दमटपणा. वीस-बावीस वर्षांची होईपर्यंत मला वाटत होतं की कुबट हा हाताने कळायचा प्रकार आहे! नंतर कळलं, पण तोवर ‘हो ना, किती कुबट’ म्हणायची सवय लागून गेली होती.

सिंगापूरला नोकरीच्या वेळी परीक्षा झाली. दहा बाटल्या, समोर दहा नावं छापलेली, जोड्या लावा. नऊ मी घडाघडा लावल्या. सातव्या बाटलीत काहीच नव्हतं, माझ्या लेखी. नाव एकच उरलं होतं, मस्टी. लिहून टाकलं. दहापैकी दहा. ह्याला खोटं म्हणायचं का? तेव्हा मी म्हटलं नाही. पुढे पॅनलची प्रमुख झाले, आणि प्रमुखाला गुण द्यायचे नसतात, ती फक्त बाटल्या भरते, प्रश्न विचारते, टेबल सांभाळते. झाकली मूठ राहिली. ज्या शब्दाचा अर्थ मला पाठ, उगम पाठ, लॅटिन पाठ, तो वास मी जन्मात घेतलेला नव्हता, आणि बारा बायकांना तो मीच शिकवत होते. लाज वाटायची का? वाटायची. पण लाज अंगवळणी पडते हो. सवयीने काय होत नाही?

मग ती सोमवारची सकाळ. काकू येऊन वर्ष होत आलं होतं. मी बाटल्या भरत होते. मस्टीची भरली, ब्लँकची भरली, लेबलं अजून लावायची होती, आणि फोन वाजला. लेकीच्या पाळणाघरातून, तिला ताप आलाय. पाच मिनिटं बोलले. परत वळले तर ओट्यावर दोन सारख्या तपकिरी बाटल्या, आणि कुठली कुठली ते आठवेना. दुसऱ्या कुणीही काय केलं असतं? बूच काढून हुंगलं असतं. मीही हुंगलं. दोन्हीत काही नाही. दोन्ही ओतून नव्याने भरायला पंधरा मिनिटं लागली असती, पण माझं लक्ष तापात होतं. अंदाजाने लेबलं लावली आणि लेकीला आणायला पळाले.

अंदाज चुकला होता. ते मला लगेच कळलं नाही, आणि कळणार तरी कसं? पॅनलने बाटली फिरवली. लेबलवर मस्टी लिहिलंय म्हटल्यावर सगळ्यांना मस्टी वास आला. लिम आंटीने तर नाक मुरडलं, “वाह, व्हेरी मस्टी लाह!” नुसतं तेल हुंगत होती हो ती. आणि ब्लँक लिहिलेल्या बाटलीत कुणी काही शोधलंच नाही. पहिले दोन आठवडे काकू नव्हत्या, भाचीच्या लग्नाला सांगलीला गेलेल्या. तिसऱ्या आठवड्यात आल्या, बाटली नाकाशी धरली, खाली ठेवली, परत धरली. आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मंजिरी, ह्यात काही नाही गं. नुसतं तेल आहे.” मग ब्लँक उचलली. “कुबट तर ह्यात आहे.”

नेमका डिरेक्टर कॉफीचा कप घेऊन दारात उभा. म्हणाला, मंजिरी, तू बघ. मी दोन्ही बाटल्या हुंगल्या. काय येणार होतं? पण मला त्या क्षणी समजलं. नाकाने नाही, आठवणीने. ती सोमवारची सकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली. काकूंचं बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. तोंड उघडलं असतं तर तीन आठवड्यांच्या चाचण्या कचऱ्यात, ते एक वेळ चाललं असतं. पण पुढचा प्रश्न आला असता — तुला वास नाही का आला? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. एकच होतं.

मी मस्टीच्या लेबलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, नाही काकू, ह्यातच आहे.

अकरा जणींनी माना डोलावल्या. काकू हसल्या, पण ऐकल्या नाहीत. गुरुवारी पुन्हा तेच म्हणाल्या, जरा ठासून. सांगलीचं पाणी, पटल्याशिवाय मान हलणार नाही. डिरेक्टर म्हणाला, शैलाची फेरतपासणी घे, नियमाप्रमाणे. त्याचं काय चुकलं? नियमच होता तसा.

फेरतपासणी म्हणजे काय, सांगते. एका छोट्या खोक्यासारख्या कप्प्यात पॅनलची बाई बसते. लाल दिवा, म्हणजे रंग दिसू नये. समोरच्या भिंतीला एक खिडकी, ती सरकवून मी पलीकडून ट्रे देते. ट्रेवर तीन कप, झाकण लावलेले. दोन सारखे, एक वेगळा. हुंगून वेगळा ओळखायचा. असे सहा ट्रे. वेगळा कळत नसला तरी एक निवडावाच लागतो, नियम आहे.

वाचवायचं असतं तर तिथे मला काकूंना वाचवता आलं असतं. त्या दोन बाटल्यांमधलं तेल वापरलं असतं तर काकूंनी सहाच्या सहा बिनचूक सांगितले असते. आणि म्हणूनच — हे सांगायचंच टाळत होते — म्हणूनच मी ते केलं नाही. मी सहाही ट्रेमध्ये तिन्ही कप एकाच तेलाचे भरले. अठरा कप. नुसतं तेल. व्यवस्थित भरले, पुसून घेतले, ट्रेवर मांडले.

पहिला ट्रे दिला. पलीकडे झाकणं उघडल्याचे आवाज आले. मग खिडकीच्या फटीतून काकूंचा आवाज आला, “मंजिरी, तिन्ही सारखेच आहेत गं.”

मी म्हणाले, एक निवडावाच लागतो काकू.

दुसरा ट्रे. “हेही सारखेच वाटतात.” निवडा काकू. तिसऱ्याला त्यांचा आवाज बारीक झाला. चौथ्यापासून त्या काही बोलल्याच नाहीत. कप उचलल्याचे, ठेवल्याचे आवाज येत होते, एकेक कप चार-चारदा. त्या पलीकडे जीव तोडून शोधत होत्या, जे मी ठेवलंच नव्हतं ते. आणि मी इकडे उभी राहून ऐकत होते. शेवटचा ट्रे परत आल्यावर मी उत्तरपत्रिका भरली. काकूंनी जे निवडलं होतं ते सोडून दुसरं काहीतरी बरोबर म्हणून लिहिलं, सहाही वेळा. सहापैकी शून्य.

पहिल्या ट्रेला त्या जे बोलल्या ते त्या दिवसातलं एकमेव खरं वाक्य होतं. त्यांनी ओळखलं होतं. मी त्यांना ते परत घ्यायला लावलं.

निकाल मीच सांगितला. ऑफिसखालच्या फूड कोर्टमध्ये, कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, दोन कप घेऊन. म्हणाले, काकू, वयानुसार होतं असं, चाळिशीनंतर नाक हळूहळू मंदावतं, बायकांचं जरा जास्तच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. किती गोड बोलले मी! साखर घोळून. काकूंनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची नाडी नीट गुंडाळली आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, “असू दे गं. तू कशाला रडवेली होतेस? तुझ्यामुळे तर वर्षभर मिरवले मी.” त्या माझी समजूत घालत होत्या, हे तुम्ही लक्षात घ्या. मग विचारलं, “पण मंजिरी, मला वास येत नसेल तर मी ह्यांना काय खायला घालत असेन गं इतके दिवस?”

मला तेव्हा बोलता आलं असतं. कप अर्धा भरलेला होता, वेळ होता, आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. मी त्यांचा हात थोपटला.

त्या संध्याकाळी मी दोन्ही बाटल्या फेकून दिल्या आणि नव्या भरल्या. ह्या वेळी लेबलं आधी लावून. पॅनलमध्ये कुणाला काही कळलं नाही. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

तुम्हाला वाटेल, एक पार्टटाइम नोकरी गेली, आभाळ कोसळलं का? मीही स्वतःला हेच सांगायचे. पण नोकरीबरोबर दुसरंच काहीतरी गेलं होतं, आणि ते मला दिसत होतं, दर सणाला, मंडळात. दिवाळीच्या फराळाची भाजणी आधी काकूंच्या नाकाखालून जायची, त्या म्हणतील तेव्हा गॅस बंद. आता त्या लांब उभ्या राहायच्या. कुणी हाक मारली तर म्हणायच्या, “मला नका विचारू बाई, माझ्या नाकाचं काही खरं नाही.” दत्ताकाका सांगायचे, दूध आता मीच हुंगतो, डाळीच्या डब्यात मीच नाक घालतो, हिचा विश्वासच उडालाय. ते हे हसत हसत सांगायचे. आणि काकू मला बघितलं की डबा पुढे करायच्या, “मंजिरी, तू एकदा वास घे ना. तू म्हणालीस की मला धीर येतो.” मी घ्यायचे वास. ठीक आहे काकू, म्हणायचे. माझ्या नाकावर त्यांचा काय विश्वास! चोराच्या हातात किल्ल्या द्याव्यात आणि वर चोराचे आभार मानावेत, तसं चाललं होतं.

दत्ताकाका पुढे दोन-तीन वर्षांनी गेले. ऑफिसातच, खुर्चीत, हृदय बंद पडून. मुलगा ऑस्ट्रेलियाहून आला, महिनाभर राहिला, चल म्हणाला. काकू गेल्या नाहीत. म्हणाल्या, इथे त्यांची सगळी कपाटं आहेत.

आता शेवटचं. हे सांगितलं की संपलं.

काका गेल्याला वर्ष झालं असेल. मी एका शनिवारी दुपारी काकूंकडे गेले होते. त्यांनी चहा ठेवला, पोहे केले, माझ्याकडून कोथिंबीर हुंगवून घेतली. मग आत जाऊन एक स्वेटर घेऊन आल्या. राखाडी, बिनबाह्यांचा. इथल्या ऑफिसांत एसी इतका गार असतो की बाहेर घाम आणि आत स्वेटर. काका रोज घालायचे, खुर्चीच्या पाठीला टांगलेला असायचा. ऑफिसने परत पाठवलेल्या सामानात तो आला होता. काकूंनी तो धुतला नव्हता. पिशवीत बांधून कपाटात ठेवला होता वर्षभर.

माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “मला ह्याला त्यांचा वास येतो गं. अजून येतो. गळ्यापाशी तर अगदी. पण माझ्या नाकाचं तुला माहीतच आहे. परवा सांगलीची माझी वहिनी फोनवर म्हणाली, वर्षभर बंद कपाटात, तो कुबट झाला असेल, तुला वेडीला तोच त्यांचा वाटतोय. तू सांग ना. त्यांचा आहे की कुबट आहे?”

मी स्वेटर उचलला. नाक लावलं. खरं सांगते, मला थोडासा काहीतरी वास आला, माणसाचा, जुन्या लोकरीचा, कसल्याशा तेलाचा. तो काकांचा होता का? असेल. त्यावर कुबट चढला होता का? ते मला कसं कळणार होतं? मी म्हणू शकले असते, काकू, त्यांचाच आहे. मी म्हणू शकले असते, मला कुबट कळत नाही काकू, कधीच कळला नाही, तुमचं नाक माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं आहे, तुम्हाला काकांचा वास येतोय तर तो काकांचाच आहे. हे वाक्य तोंडात तयार होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अख्खं तयार होतं.

पण माझ्या डोक्याने काय केलं, माहीत आहे? जे ते नेहमी करतं तेच. हिशेब केला. सिंगापूरची हवा, वर्षभर बंद पिशवी, लोकर, वहिनीही म्हणतेय, म्हणजे कुबट असणारच. ‘नाही’ म्हटलं आणि उद्या कुणी म्हटलं कुबट आहे, तर? सातव्या बाटलीसारखं झालं. उरलेलं नाव लिहून टाकलं.

“कुबटच आहे काकू,” मी म्हणाले. “धुवून टाका.”

त्या स्वेटर घेऊन स्वयंपाकघरामागे गेल्या, मशीन तिथे आहे. पाणी सुटल्याचा आवाज आला. परत येऊन माझ्यासमोर बसल्या, आणि आम्ही चहा प्यायलो. मशीन फिरत होतं. त्यांच्या मुलाची चौकशी मी केली, माझ्या लेकीची त्यांनी केली. अर्धा तास लागला असेल. मी तेवढा वेळ बसून होते. कुठल्याही क्षणी उठून ते मशीन बंद करता आलं असतं.

स्वेटर बाहेर काढून त्यांनी झटकला आणि माझ्यापुढे धरला, गेला का बघ म्हणून. मी नाक लावलं. साबणाचा वास होता, ओल्या लोकरीचा. “गेला,” मी म्हणाले.

मग काकूंनी तो स्वतःच्या तोंडाशी नेला. गळा हुंगला, खांदे हुंगले, उलटा करून आतून हुंगला, काखेपाशी हुंगला. त्या चौथ्या ट्रेसारखं, पुन्हा पुन्हा. मी बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी तो खाली घेतला.

“हो गं,” त्या म्हणाल्या. “गेला.”

तेवढं त्यांना बरोबर कळलं.